बैल इमानी, धनी टोडी

१२ जून १९३०

ही कोरी वही शेलूबाजारच्या पूनमचंद शेठनी दिली. कापडाचे दुकान बंद करता करता म्हणाले, "मास्तर, जमाना बदलून राह्यला. तुमच्यासारख्यानं लिहून ठेवलं पायजे." शेठचा माझ्याविषयी असा समज आहे, आणि तो अगदीच चुकीचा आहे असे मला वाटत नाही.

तेव्हा सुरुवात करतो. मी या गावातल्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या शाळेचा हेडमास्तर. हाताखाली दुसरा मास्तर नाही, त्यामुळे हेड मीच आणि बाकीचे अंगही मीच. गाव शेलूबाजारपासून अडीच कोसांवर. मला इथे येऊन चार वर्षे झाली. गावात इंग्रजी येणारा मी एकटा. हा गर्व नाही, शिरगणती आहे.

बाजाराच्या दिवशी शेठकडून वर्तमानपत्र आणतो आणि संध्याकाळी मारुतीच्या पारावर मोठ्याने वाचतो. आज पंचवीस-तीस माणसे होती. मुंबईच्या बातमीत होते की जमावाने एका रावसाहेबाच्या गाडीभोवती "टोडी बच्चा, हाय हाय" असा गजर केला. जगदेवने विचारले, "मास्तर, टोडी म्हंजे काय?" जगदेव हा इथला तरणा शेतकरी. आई सोजरबाई आणि तो, दोघांचेच घर. डोके गरम, पण मन स्वच्छ.

मला अर्थ ठाऊक नव्हता. "दोन दिवसांत नीट फोड करून सांगतो," म्हणालो. आजपर्यंत पारावर माझी अशी फजिती झाली नव्हती.

१४ जून

अकोल्याला जुन्या बाजारात घेतलेली इंग्रजी डिक्शनरी अखेर कामी आली. टोडी म्हणजे लाळघोट्या, थोरांचे तळवे चाटणारा. मूळ मोठे गमतीचे आहे. विलायतेत वैदू बाजारात औषध विकायला बसत. त्यांचा नोकर लोकांसमोर बेडूक खाई. बेडूक विषारी, असा तिकडचा समज. नोकर लोळण घेई, वैदू औषध पाजून त्याला उठवी आणि मग बाटल्या खपत. पोटासाठी धन्याचा बेडूक गिळणारा तो टोडी.

पारावर हे सांगितले तेव्हा हसता हसता लोकांची पुरेवाट झाली. मी म्हणालो, "आज आपल्याकडे जो इंग्रज सरकारची हुजरेगिरी करतो, गावची बातमी वर पोचवतो, तो टोडी."

सगळ्यांच्या नजरा आपोआप रामराव पाटलांकडे गेल्या. रामराव इथले पोलीस पाटील. वय साठीला आलेले, अंगाने आडवे, बोलणे तोलून मापून. ते पाराच्या कडेला बसून सुपारी कातरत होते. म्हणाले, "म्हंजे बेडूक त्यानं खायचा, अन् नाव वैद्याचं. लय कठीन नौकरी हाय बाप्पा." आणि कातरलेली सुपारी माझ्यापुढे धरली. टोमणा लागत नाही अशी कातडी सरकारी नोकरीतच जमते.

२९ जून

शब्द गावभर झाला. विहिरीवर दोन जावांचे भांडण झाले, तर धाकटीने सासूचे कान भरणाऱ्या थोरलीला "टोडीन" म्हटले. शेजारच्या दावणीला जाऊन वैरण खाणारा बैल टोडी. शाळेत चुगली सांगणारा मुलगा टोडी. काल तर मारुतीचा पुजारी पावसाला टोडी म्हणाला, कारण तो पाटलांच्या वावरात पडला आणि ह्याच्या वावरात पडला नाही.

मला फार मौज वाटते. गावाला मी एक शब्द दिला. गोमतीला, म्हणजे माझ्या कुटुंबाला हे सांगितले तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमचं हे लेकरू कुणाच्या घरात शिरून काय फोडील त्याचा नेम नाही." बायकांना चेष्टा कळत नाही.

२२ जुलै

आज जंगल सत्याग्रह झाला. राखीव रानातले गवत कापून कायदा मोडायचा. पाच नेमलेल्या स्वयंसेवकांनी विळे चालवले, स्वतःहून हात पुढे केले आणि गळ्यात हार घालून पोलिसांबरोबर गेले. सगळे ठरल्याप्रमाणे झाले. पण पोलीस गेल्यावर मागे राहिलेला जमाव आवरेना. साठेक माणसे रानात शिरली. फॉरेस्टचा राखणदार फुलसिंग आडवा आला. धक्काबुक्की झाली आणि कोणाच्या तरी काठीने त्याचा हात मोडला. पाऊस कोसळत होता, प्रत्येकाच्या डोक्यावर घोंगडी होती, त्यामुळे फुलसिंगला एकाचेही तोंड दिसले नाही.

काठी कोणाची ते गावाला ठाऊक आहे. इथे लिहीत नाही. सोजरबाई संध्याकाळी उंबऱ्यात नुसती बसून होती.

मी गेलो नव्हतो. शाळा होती. कौन्सिलचा नोकर सत्याग्रहात दिसला तर त्याच दिवशी नोकरी जाते. मनाने मी तिथेच होतो.

२५ जुलै

तालुक्याहून फौजदार आला. नवीन माणूस आहे, दोन महिन्यांपूर्वी बदलून आलेला. पाटलांच्या ओसरीवर खुर्ची टाकून बसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलला. सरकारी माणसाचा हात मोडला, हा दंगा आहे. दंग्याला तीन तीन वर्षे सक्तमजुरी. आठ दिवसांत पाटलाने नावे द्यावीत. नाहीतर गावात पोलीस बसवीन आणि दिसेल त्या तरण्या पोराला बांधून नेईन.

रामराव हात जोडून म्हणाले, "देतो साहेब. सरकारचं मीठ खाल्लं हाय."

पाराकडून कोणीतरी "टोडी" म्हणाले. मोठ्याने नाही, पण गेले सगळ्यांच्या कानावर. फौजदाराने मान वळवून पाहिले आणि मग रामरावांकडे पाहिले. मला वाटते, त्याला अर्थ कळला.

२८ जुलै

दुपारच्या सुट्टीत रामराव शाळेत आले. मला धडकी भरली. पण त्यांनी सत्याग्रहाचा विषयच काढला नाही. म्हणाले, "मास्तर, शायेचं जुनं दाखल-खारीज बुक असंन ना? मानमोडीच्या साली जे पोट्टे होते, त्यायचं?"

मानमोडी म्हणजे अठरा सालचा तो ताप. घरेच्या घरे बसली होती म्हणतात. मी म्हणालो, "कपाटात आहे. पण कशाला हवे?"

"काही नाही. म्हातारपनी आठोन येते. कोन कोन होतं ते पाह्यतो."

इकडे गावावर वरवंटा फिरायची वेळ आली आहे आणि ह्यांना जुन्या आठवणी सुचतात! बुक दिले. दोन दिवसांनी परत आणतो म्हणाले. उघडून एकेका ओळीवर बोट ठेवीत उभे राहिले आणि एका पानावर बराच वेळ थांबले. चष्मा पुसला. वय झाले की डोळे पाणावतातच.

२ ऑगस्ट

आज जे पाहिले त्याने अंगाची लाही झाली आहे.

फौजदाराने मला पाटलांच्या घरी बोलावले. रामरावांचे अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तेव्हा यादीची स्वच्छ नक्कल मी करावी, आणि यातले एक नाव जरी बाहेर गेले तरी माझी नोकरी गेली असे समजावे. मी नक्कल केली. नऊ नावे. सगळे वीस ते चोवीस वर्षांचे. प्रत्येकापुढे शेरा: "फरार. मोगलाईत गेला. नावावर वावर नाही."

मोगलाई म्हणजे निजामाचा मुलूख, पैनगंगा ओलांडली की झाला. तिकडे इंग्रजी वॉरंट चालत नाही.

नऊपैकी एकाचाही चेहरा माझ्या डोळ्यांपुढे येईना. मी यायच्या आधी शाळा सोडून गेलेली पोरे असणार. पण सहावे नाव लिहिताना टाक थांबला. "जनार्दन रामराव, वय बावीस." मी विचारले, "हा कोण?" रामराव भिंतीकडे पाहत म्हणाले, "माहा लेक."

पोटचा पोरगा! बाप स्वतःच्या हाताने पोराला दंग्यात गुंतवतो! त्यांना मुलगा आहे हेही मला ठाऊक नव्हते. बाहेरगावी असेल आणि चळवळीपायी आला असेल. फौजदाराला गहिवरून आले. "पाटील, असा इमानी माणूस मी उभ्या नोकरीत पाहिला नाही," म्हणून त्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आतून मनकर्णाबाई, पाटलांच्या घरधनीण, चहा घेऊन आल्या. मुलाचे नाव ऐकून त्यांच्या हातातली बशी वाजली. त्या माउलीचे काय झाले असेल!

डिक्शनरीत अर्थ वाचला होता. आज तो माणूस पाहिला.

१० ऑगस्ट

जगदेवला सांगितले. नावे नाही सांगितली, नोकरीचा प्रश्न आहे. पण नऊ नावे गेली आहेत एवढे सांगितले. त्याने विचारले, "मंग आमाले अजून काहून नाही नेलं?"

"नेतील. सरकारची चक्की हळू दळते."

आता तो घरी निजत नाही, वावरातल्या मचाणावर निजतो. त्याने एक मागणे घातले आहे. पोळ्याला झडती बांधून द्या. इकडे पोळ्याला बैल तोरणाखाली उभे राहिले की लोक ओरडून कवने म्हणतात, त्यांना झडत्या म्हणतात. त्यात कोणाचीही उणीदुणी काढावी, त्या दिवशी कोणी रागावायचे नाही, असा रिवाज आहे. जगदेव म्हणाला, "असी बांधा मास्तर, का बुढ्याच्या काळजाले भोक पडलं पायजे."

नाव माझे येणार नाही ना, एवढे विचारून घेतले. मग बांधली. वऱ्हाडी बोलीतच बांधली. दोन ओळी फार साधल्या आहेत.

२३ ऑगस्ट, पोळा

सविस्तर लिहायला हवे.

सांजेला वेशीत आंब्याच्या पानांचे तोरण बांधले होते. शंभरावर जोड्या. शिंगे रंगवलेली, अंगावर झुली. रिवाज असा की तोरणाखाली पहिली मानाची जोडी पाटलांची. पाटलांच्या घरून पूजेचे ताट येते, त्यांचे बैल पुढे निघतात आणि मग पोळा फुटतो. रामरावांच्या घराण्यात हा मान किती पिढ्यांचा आहे ते त्यांनाही सांगता येणार नाही. त्यांची ढवळी जोडी खरोखर देखणी होती. काल खांदे लोण्याने शेकताना मी पाहिले होते. बैलाच्या कानाशी वाकून "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणत होते, जसे काही जावयाला बोलावतात.

झडत्या सुरू झाल्या. दोन-तीन नेहमीच्या झाल्या. मग जगदेव दगडावर चढला.

"रान आमचं, गवत आमचं, इळा आमच्या हाती,
नावं देल्ली सरकारले, त्याच्या तोंडात माती!
तोरनाखाली उभी पाह्य मानाची जोडी,
बैल हाय इमानी, पन धनी हाय टोडी!
हर हर महादेव!"

मग शंभर गळ्यांनी शेवटची ओळ उचलली. पुन्हा म्हटली, पुन्हा म्हटली. बैल बुजले, घुंगरांचा कल्लोळ झाला. माझे अक्षर न् अक्षर लोकांच्या तोंडी! असे समाधान मला आयुष्यात मिळाले नव्हते.

तोरणापलीकडे बंदोबस्ताचे दोन शिपाई होते, आणि फुलसिंग मोडका हात गळ्यात बांधून उभा होता. तिघेही ऐकत होते.

जगदेवने आपली जोडी पुढे काढली. त्याच्यामागे बाकीचे घुसले. तोरण पाटलांच्या बैलांवाचून तुटले. मनकर्णाबाई पूजेचे ताट घेऊन उभ्या होत्या. त्या ताटातला दिवा गर्दीच्या वाऱ्याने विझला. रामरावांनी बैलांना तिथेच थांबवले, दोघांच्या कपाळाला हात लावला, कासरा वळवला आणि मागच्या बोळाने घरी नेले.

घरी आल्यावर गोमतीने विचारले, "झडती कोणी बांधली?" मी म्हणालो, गावाने. ती म्हणाली, "गावाला 'इमानी' आणि 'धनी' असं यमकात यमक जमतं का?" आणि माझे ताट वाढून स्वतः न जेवता उठली.

२७ ऑगस्ट

पाटलांचे घर वाळीत पडले. न्हावी जात नाही, परीट जात नाही, विहिरीवर बायका मनकर्णाबाईंना वाट देत नाहीत. गोमती मात्र त्यांच्याबरोबर पाणी भरते. मी मना केले तर "मी कौन्सिलची नोकर नाही," म्हणाली.

आज रामराव शाळेवरून चालले होते. दाढी वाढलेली. मी आत सरकणार तेवढ्यात हाक मारली. "मास्तर, झडती चांगली होती. फौजदारसाहेबाले शिपायानं सांगतली. साहेबाची पाठ झाली म्हंते."

मी अजाणतेपणाचे सोंग घेतले. ते पुढे म्हणाले, "साहेब म्हने, सारा गाव ज्याले शिव्या देते, थोच आपला मानूस. गावात पोलीस बसवाचं त्यायनं सोडून देल्लं." आणि हसले. शिव्यांचा मोबदला म्हणून सरकारची मर्जी! निर्लज्जपणाला काही सीमा?

पोलीस बसले नाहीत हे मात्र बरे झाले. जगदेव पुन्हा घरी निजू लागला आहे. वॉरंटाचा शिपाई दोनदा आला आणि "फरार" लिहून परत गेला. सरकारी काम असे असते.

७ सप्टेंबर

दिवा मोठा करून लिहितो आहे.

आज जेवताना राहवले नाही. गोमतीला बोललो, तुझ्या त्या मनकर्णाबाईंच्या नवऱ्याने स्वतःच्या जनार्दनाचे नाव यादीत दिले, मी स्वतः नक्कल केली, असल्या घरी तू पाणी भरतेस.

तिचा घास हातातच राहिला. "जनार्दन?"

"हो. वय बावीस. फरार."

"अहो, जनार्दन मानमोडीत गेला. दहा वर्षांचा होता. त्याची टोपी अजून त्यांच्या देव्हाऱ्यात आहे. मला त्यांनी पहिल्याच दिवशी दाखवली."

मी उठलो तो तडक शाळेत. कपाट उघडले, दाखल-खारीज काढले. त्या वेळच्या मास्तरांच्या बारीक अक्षरात नऊच्या नऊ नावे सापडली. खारीज झाल्याची तारीख, नोव्हेंबर १९१८. कारण, मयत. कारण, मयत. नऊ वेळा. जनार्दन रामराव, इयत्ता दुसरी, कारण, मयत. त्याच पानावर ते थांबले होते.

मेलेल्या पोरांच्या वयात बारा वर्षे मिळवली आणि त्यांना मोगलाईत धाडले. त्यांच्या आडोशाला जिवंत नऊ, वीस, साठ, जेवढे असतील तेवढे आपापल्या वावरात निंदण करत आहेत. आणि मी? मी त्या माणसाला भर पोळ्यात, बैलांच्या देखत.

शाळेत बसून रडलो. लिहायला लाज वाटत नाही.

८ सप्टेंबर

रात्रभर विचार केला. जे मी चव्हाट्यावर मोडले ते चव्हाट्यावरच जोडले पाहिजे. गोमती म्हणते, गप्प राहा. "त्यांना मान हवा असता तर त्यांनी स्वतःच सांगितलं असतं. तोंड बंद ठेवायला त्यांना किती पडलं असेल, तुम्ही एक दिवस ठेवून बघा." तिला वाटते शांत बसण्यातच शहाणपण. पण हा प्रश्न माझ्या सदसद्विवेकाचा आहे. तिला त्यातले मर्म कळणार नाही. काय घडले ते मी सांगणार नाहीच, फक्त माणसाची अब्रू परत देणार आहे.

९ सप्टेंबर

बोललो. पार गच्च भरला होता. वर्तमानपत्र मिटून म्हणालो, "झडती मी बांधली होती. ती खोटी होती. रामराव पाटील टोडी नाहीत. त्यांनी या गावातली नऊ घरे सरकारच्या तोंडातून काढली. कशी, ते योग्य वेळी सांगेन. आज फक्त एवढेच सांगतो, की शाळेच्या जुन्या बुकातली पाने बोलू शकली असती, तर गावाने त्यांचे पाय धुतले असते."

जगदेव वेड्यासारखा पाहत राहिला. कोणीतरी "पाटील की जय" म्हणाले.

रामराव कडेला होते. त्यांच्या हातून अडकित्ता खाली पडला. त्यांनी तो उचलला नाही. पाराच्या टोकाकडे पाहत राहिले. तिथे फुलसिंग बसला होता.

१३ सप्टेंबर

फौजदार आला तो थेट शाळेत. "जुनं बुक काढा." मुले बसलेली. मी किल्ली हरवली म्हणालो. त्याने शिपायाकडून कडी तोडवली. खिशातून माझ्याच अक्षरातली यादी काढून ताडून पाहिली. नववे नाव सापडायला पाव तासही लागला नाही.

मी वाट पाहत होतो की आता मला धरील. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. मुलांसमोर, दाराशी जमलेल्या माणसांसमोर मोठ्याने म्हणाला, "शाबास मास्तर! तुम्ही तोंड उघडलं नसतं तर ह्या म्हाताऱ्यानं आम्हाला जन्मभर नाचवलं असतं. तुमच्यासारखी चार माणसं गावोगाव पाहिजेत."

दाराशी जगदेव होता. त्याच्या चेहऱ्याकडे मला पाहवले नाही.

रामरावांना बेड्या घातल्या. खरी नावे विचारली, ते बोलले नाहीत. थोबाडीत बसली, तरी नाही. गाव दोन्ही बाजूंनी उभे होते. ज्या न्हाव्याने तीन आठवडे त्यांना हात लावला नव्हता तो पायांवर पडला. कोणीतरी त्यांच्या ढवळ्या जोडीला वेशीपर्यंत आणले.

माझ्यापाशी आल्यावर ते थांबले. मी म्हणालो, "पाटील, मी... मला वाटले..."

"तुमी खरंच बोलले मास्तर. खऱ्याले वेळ पायजे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आता लोकं तुमाले टोडी म्हंतीन. म्हनू द्या. अंगावर घेजा. त्याचा लय उपेग होते."

फौजदार पुढे निघाला होता. जाताना मला म्हणाला, "आठवड्याने येतो. खरी नावं आता तुम्ही द्यायची."

१४ सप्टेंबर

सकाळी दारावर कोळशाने हातभर अक्षरात लिहिले होते: टोडी. शुद्धलेखन बरोबर. माझाच कोणीतरी विद्यार्थी.

मी ओले फडके घेऊन उभा होतो. मनकर्णाबाई पाण्याची घागर घेऊन चालल्या होत्या. आता विहिरीवर त्यांना सगळ्या वाट देतात आणि गोमतीला देत नाहीत. त्या थांबल्या. इकडेतिकडे पाहिले.

"पुसू नोका, मास्तर."

"बाई, मला माफ..."

"माफीचं मंग पाहू. फौजदार कोनाच्या बोलन्यावर इस्वास ठेवते, थे सांगा. आमच्या यायनं उगीच नाही एवढ्या शिव्या खाल्ल्या. पोयाच्या दिवशी घरी आले अन् बैलाच्या गळ्यात पडून पोट्ट्यावानी रडले. सकाळी मले म्हने, मनकर्णे, बरं झालं, आता साहेबाले माह्यावर कधीच शक येनार नाही." घागर या कमरेवरून त्या कमरेवर घेतली. "जगदेवचा हात मोकळा राह्यला पायजे. नाही तं माह्या जनार्दनाचं नाव वायाच गेलं."

त्या गेल्या. फडके मी गोमतीला परत दिले. तिने ते दोरीवर वाळत घातले.

२० सप्टेंबर

फौजदारापुढे जबानी दिली. सगळ्या गावादेखत त्याच्या राहुटीत गेलो, आत पाऊण तास बसलो, बाहेर येताना त्याने मला पान दिले आणि मी ते खाल्ले. गावाने पाहिले.

जबानीत असे लिहून दिले: "बावीस जुलै रोजी मी स्वतः रानाच्या कडेला हजर होतो. फुलसिंगास मारणारे इसम या गावचे नव्हते. ते मोगलाईतून आलेले परके होते. बोलण्यावरून व घोंगडीच्या काठावरून मी ओळखले. पाटलाने घाबरून कोणाची तरी नावे घालावीत म्हणून मेलेल्यांची घातली. गावातले कोणी दंग्यात नव्हते." खाली सही.

यातले मेलेल्यांच्या नावांखेरीज काही खरे नाही. मी रानाच्या कडेला नव्हतो, शाळेच्या खिडकीत होतो. खोटी सरकारी जबानी म्हणजे नोकरी तर जाईलच, वर तुरुंग. लिहिताना भीती वाटली, पण टाक थांबला नाही.

फौजदाराने जबानी दोनदा वाचली. मग शिपायाला विचारले, "गावात मास्तरला काय म्हणतात?" शिपाई ओशाळून म्हणाला, "टोडी म्हंतेत, साहेब." फौजदाराने कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

२ ऑक्टोबर, दसरा

रामरावांना एक वर्षाची सजा झाली. खोटी नावे दिल्याबद्दल. पाटीलकी गेली. दंग्याचा कागद "आरोपी परके, तपास लागत नाही" म्हणून बंद झाला, असे पूनमचंद शेठकडून कळले. शेठने निरोप दिला, निरोपाबरोबर वर्तमानपत्र दिले नाही. पारावर आता दुसरा वाचतो, अडखळत वाचतो.

शाळेच्या पटांगणात पोरांनी माझ्यावर झडती केली आहे. माझीच चाल, माझेच यमक. "खडू हाय पांढरा, पन मास्तर हाय टोडी." एक मात्रा जास्त होते. सांगणार कोणाला?

कधी कधी संध्याकाळी फार जड जाते. दार उघडून ओरडावेसे वाटते की बाबांनो, ऐका. मग आठवते की एकदा ओरडून झाले आहे.

ही वही आता ठेवता येणार नाही. कोणाच्या हाती लागली तर जबानी खोटी ठरेल. जाळायला गोमती तयार नाही. गव्हाच्या कोठीत अगदी तळाशी घालू म्हणते. एक दिवस पाटील सुटून येतील, तेव्हा त्यांना वाचून दाखवायची आहे म्हणे. आज शेवटचे लिहून तिच्याकडे देतो.

सांजेला सीमोल्लंघन करून लोक परतले. घरोघर आपट्याचे सोने वाटत होते. आमच्या दाराशी कोणी आले नाही. गोमतीने मला सोने दिले, मी तिला दिले. मग मी ओट्यावर येऊन बसलो.

जगदेव सोजरबाईसह आला. समोरच्या घरी सोने दिले, शेजारी दिले, पुढच्या म्हाताऱ्याच्या पाया पडला. आमच्या दारापुढे थांबला, माझ्याकडे पाहून थुंकला आणि "टोडी" म्हणाला. सोजरबाईने त्याला पुढे ओढले.

मी त्याच्या हातांकडे पाहत होतो. दोन्ही हात सोन्याने भरले होते. तो वळणावरून मनकर्णाबाईंच्या घराकडे वळेपर्यंत मी पाहत राहिलो, आणि मग दिवा लावायला आत आलो.